दयाबाईंचा खुलासा

दयाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. कागदावर त्या पदाला महिला परिचर म्हणत, पण बाळंतिणी आणि त्यांच्या सासवा त्यांना मावशीच म्हणायच्या. शिरूर आणि दौंडच्या मधल्या त्या दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत. दयाबाई शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढल्या. सातवीपर्यंत शिकल्या. अक्षर वळणदार होतं, आणि समोरच्यानं आवाज चढवला की त्या आपला आवाज खाली आणायच्या. ओळखणारे त्या खालच्या आवाजालाच जास्त भ्यायचे.

त्यांचा धाकटा भाऊ याकोब दौंडहून ट्रकवर जायचा. १९९७ साली तो एड्सनं गेला. मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळाला, वर उघडू नका म्हणून बजावलं. दयाबाईंनी घरी येऊन ते प्लास्टिक कात्रीनं कापलं, कोमट पाण्यानं त्याला आंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला. शवपेटी उचलायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा त्यांनीच खांदा दिला. बाईनं खांदा देऊ नये, असं मागून कुणी तरी म्हणालं.

"मग या पुढं," दयाबाई म्हणाल्या.

कुणी आलं नाही.

२००५च्या जानेवारीत जिल्ह्याच्या जीपमधून दवाखान्यात तीन खोकी उतरली. आईला एचआयव्ही असला तरी बाळाला होऊ नये, म्हणून सरकारनं सामान पाठवलं होतं. आईसाठी गोळी, बाळासाठी सिरप, आणि बाळंतपण करणाऱ्यांसाठी गाऊन, चष्मे, हातमोजे. तपासणी करून धीर द्यायला राजश्री नावाची तरुण समुपदेशकही नेमली गेली. प्रशिक्षणाला खरं तर सिस्टरांनी जायचं होतं. "मावशी, तुम्हीच जाऊन बसा, जेवण आहे," त्या म्हणाल्या. दयाबाई मागच्या खुर्चीवर बसून वहीची सोळा पानं भरून आल्या. खोकी मात्र लोखंडी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली औषधं सांभाळणाऱ्या साहेबरावांच्या खिशात गेली.

एप्रिलमधल्या एका दुपारी वडगाव रासाईची गौतमी कळा देत आली. बरोबर सासू, पार्वतीबाई. गौतमीचा नवरा टँकर चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी वारला होता. तिची तपासणी राजश्रीनंच केली होती, आणि लागण निघाल्यावर सांगितलं होतं, इथंच ये, सगळी सोय आहे. पण त्या दिवशी राजश्री पुण्याला बैठकीला गेलेली.

डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, गौतमीला हात न लावता त्यावर 'पुण्यास पाठवावे' असं लिहिलं आणि ते निघून गेले. रुग्णवाहिका लशी घेऊन गावांकडे गेली होती.

"पुणं काय जवळ हाय व्हय?" पार्वतीबाई म्हणाल्या. "वाटंतच मोकळी व्हईल ही. तवा मी काय करू?"

"आजी, इथं सोय नाही," सिस्टर म्हणाल्या.

"सोय आहे," दयाबाई म्हणाल्या. "कपाटात आहे."

साहेबराव जेवायला गेलेले, त्यांचा फोन लागेना. दयाबाईंनी दवाखान्याच्या फोनवरून राजश्रीला तिच्या मोबाइलवर गाठलं. गोळी लगेच द्यायला हवी, सिस्टरांना सांगा, असं ती म्हणाली. पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी देणार नाही, म्हणून सिस्टर बाजूला झाल्या. दयाबाईंनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कोयंडाच निघून आला. गोळीचं पाकीट घेऊन त्या फोनपाशी परत आल्या, वरचं नाव वाचून दाखवलं. राजश्रीनं हो म्हटल्यावर त्यांनी ती गोळी गौतमीच्या हातावर ठेवली.

मग गाऊन चढवून, हातमोजे घालून त्या गौतमीजवळ उभ्या राहिल्या. सिस्टर दारातच थांबल्या होत्या.

"बाळंतपण तुमचं काम आहे," दयाबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी शेजारी उभी राहिलेय. वेळ आली तर करीन. पण तुम्ही केलेलं बरं."

"मला दोन लहान मुलं आहेत, मावशी."

"याकोबला मी हातमोज्यांशिवाय धुतलं. आठ वर्षं झाली. राजश्रीनं माझी तपासणी केलीय, रिपोर्ट घरी आहे, आणून दाखवते. इथं तर सरकारनं डोळ्यांना चष्मासुद्धा पाठवलाय."

सिस्टरांनी गाऊन घेतला, हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक चढवल्या. बाळाचं डोकं दिसलं तशा त्या पुढं झाल्या. सव्वीस वर्षांत दयाबाईंनी पाहिलेल्या चांगल्या बाळंतपणांपैकी ते एक होतं. सव्वातीन वाजता मुलगी झाली. सिरप पाजून दयाबाईंनी तिला बाहेर आणलं तेव्हा पार्वतीबाईंनी आधीच पदर पसरला होता.

"द्या हिकडं. कुणी घेईना तर न्हाई घेतलं, मी हाय की."

चौथ्या दिवशी मेमो आला. सरकारी कपाट तोडणं, अधिकार नसताना औषध देणं, वरिष्ठांचा आदेश मोडणं. तीन दिवसांत खुलासा द्यावा. साहेबराव मनानं वाईट नव्हते. त्यांनी मजकूर तयारच करून आणला. "चूक झाली, क्षमा असावी, एवढंच लिहा. प्रकरण मिटतं."

"चूक कुणाची, ते लिहायचं का?" दयाबाईंनी विचारलं. साहेबराव कागद घेऊन गेले.

खुलासा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. "कपाट मी तोडले हे खरे आहे. गोळी सरकारची, पेशंट सरकारच्या दवाखान्यातला, आणि मी सरकारची नोकर. कुलूप कोणासाठी होते, हे मला कळवावे. कळल्यास पुढच्या वेळी त्यांना विचारून तोडीन."

चौकशीला जिल्ह्याचे अधिकारी आले. त्यांनी खोकी बाहेर काढायला लावली. तिनांतल्या दोहोंची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. सामान कधी आलं, एवढंच त्यांनी विचारलं, मग डॉक्टरांना घेऊन आत बसले. आत काय झालं ते बाहेर आलं नाही. दयाबाईंना लेखी ताकीद मिळाली आणि ती सेवापुस्तकात चिकटवली गेली. कपाटाला मात्र पुन्हा कुलूप लागलं नाही. पुढच्या वेळी केंदूरची तशीच लागण असलेली एक बाई आली तेव्हा डॉक्टरांनी स्वतः हातमोजे घातले.

गौतमीची मुलगी अठरा महिन्यांची झाल्यावर तिची तपासणी झाली. तिला लागण नव्हती. गौतमीला पुण्याहून फुकट औषध सुरू झालं. दर महिन्याला ती एसटीनं जाऊन आणायची, आणि कुणी कुठं चाललीस विचारलं तर औषधाचं नाव सांगायची.

२००९ साली दयाबाई निवृत्त झाल्या. तोवर डॉक्टर बदलले होते. नव्या डॉक्टरांनी सेवापुस्तक चाळलं आणि त्यांना वाईट वाटलं.

"मावशी, दिलगिरीची एक ओळ द्या. ही ताकीद काढायला मी वर लिहितो."

"राहू द्या, साहेब," दयाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी इथं काय झालं, ते दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही."

त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि सगळ्यांबरोबर चहा घेऊन त्या घरी गेल्या.