धूळ बघायला आलेले साहेब

साक्रीकडच्या ज्या गावात मी लग्न होऊन आले, तिथे गावामागच्या टेकडीवर दगडाची खाण होती आणि खाणीला लागून खडीमशीन. ते मशीन दिवसभर दगड भरडायचं आणि आम्ही दिवसभर ते खायचो. भाकरीत कचकच, वरणात कचकच. काळी म्हैस दुपारपर्यंत भुरी व्हायची. पाऊस धड नव्हता, शेतात काम नव्हतं, म्हणून माझा नवरा त्याच मशीनवर दगड टाकायला जायचा. त्याला खोकला लागला तो जाईचना. शेवटी मीच हट्टाने त्याला एसटीत बसवून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, मशीनवर पाणी मारून धूळ दाबायला सांगा, नाहीतर हा माणूस हातचा जाईल.

असे खोकणारे घरोघर होते. गावच्या सरपंच आबांनी मनावर घेतलं, धुळ्याच्या सरकारी कचेरीत हेलपाटे घातले, आणि एकदाचा निरोप आला की साहेब स्वतः धूळ बघायला येणार. मला वाटलं, सुटलो.

पण साहेब येणार म्हटल्यावर गावाला धुळीचा विसरच पडला. पाहुणा येतोय एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. सकाळीच सासूबाईंनी माझ्या हातात खराटा दिला. मी म्हटलं, "अक्का, साहेब धूळच देखाले येई ऱ्हायनात. ऱ्हाऊ द्या नं ती."

"पावनाले धूळ दखाडशी का?" त्या म्हणाल्या. "गावनं नाक कापाई जाई."

मग काय विचारता! फाट्यापासून खाणीपर्यंत रस्ता झाडला. प्यायच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून टेकडीवर नेऊन मशीनभोवती सडा घातला, त्यावर रांगोळी काढली. माणसांनी लिंबाची झाडं बादल्यांनी धुतली. म्हशीला तर माझ्या लग्नात मला घातली नसेल अशी आंघोळ मिळाली. खोकणाऱ्यांना तोंडात गूळ धरून मागे बसायला सांगितलं. आणि आबांचं भाषण ऐकू यावं म्हणून मशीन सकाळपासून बंद.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. ओल्या रस्त्यावरून चालत गेले, लिंबाच्या पानावरून बोट फिरवलं, बोट निरखून पाहिलं. मग खाणमालकाकडे वळून म्हणाले, "वा, पाणी मारता तुम्ही. हे असंच चालू ठेवा." ज्याने कधी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं त्या मालकाने नम्रपणे हात जोडले. आबांनी साहेबांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. साहेबांनी मालकाचं कौतुक केलंच आहे म्हटल्यावर त्यालाही एक नारळ देणं आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोटारीत बसताना साहेब थबकले. मी नवऱ्याला ढकलत ढकलत पुढे आणून उभं केलं होतं. त्यांनी त्याला सरळच विचारलं, "काय हो, खोकल्याचा त्रास होतो का?"

माझ्या नवऱ्याने गालातला गूळ गिळला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "नहीं साहेब. चांगलं शे. आपली किरपा शे."

मोटार फाट्याकडे वळली तसा तो मटकन खाली बसला आणि खोकत राहिला. डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस. तिकडे मालकाने मशीन सुरू करायला सांगितलं. मी तिथेच, सासूसमोर, अख्ख्या गावासमोर त्याच्यावर ओरडले, की आता खोकतोस तर मघाशी काय झालं होतं?

त्याला श्वास मिळायला वेळ लागला.

"मी खोकतू त साहेबले थांबनं पडतं," तो म्हणाला. "त्यास्ले धुळं लांब शे."

त्या खोकल्यानेच तो गेला. पुढे मी पोरं वाढवली, गाव सोडलं, पण या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. थांबू द्यायचं होतं ना त्या साहेबाला.