रोह्याच्या गणपतीचा पाट

कारखान्यात पाट हरवला नव्हता. मी तो दिलाच नव्हता, आणि वर्षभर खोटं बोलत राहिलो.

आमच्या पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात घरचा पाट नेऊन द्यायची पद्धत आहे. त्याच पाटावर त्या घरची मूर्ती घडते. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर रोह्याला. दाजी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या वडिलांच्या वेळचा पाट माझ्या इथल्या रामवाडीच्या घरी आणून ठेवत आणि मी तो कारखान्यात पोचवत असे.

त्या वर्षी ते पाट घेऊन आले ते नेमके शपथविधीच्या संध्याकाळी. लोकसभेत एकाही पक्षाला स्वतःचं बहुमत मिळालं नव्हतं. मित्रपक्ष जमवून सरकार होत होतं. टीव्हीसमोर शेजारचे तिघेचौघे बसले होते. दाजी एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. ज्या विरोधकाशी त्यांनी उभा जन्म भांडण केलं, तोच यंदा आघाडीतला मित्र झाला होता आणि त्याची निशाणी घेऊन दाजी निडी गावापासून रोह्यापर्यंत दारोदार फिरले होते.

मला चेव आला. "काय दाजी, ज्याला शिव्या घातल्यात त्याचेच झेंडे लावलेत म्हणे."

"पक्षानं सांगितलं, केलं. तुला नाय कळायचं ते."

"मग यंदा बाप्पा कुठल्या पक्षाचा बसवणार? का दिल्लीला विचारून सांगताय?"

सगळे हसले. एक शेजारी म्हणाला, "उंदीर अपक्ष ठेवा हो, पुढेमागे लागतो." दाजीही थोडे हसले. पाट भिंतीला टेकवला, "चहा नको, गाडी हाय," म्हणाले आणि गेले.

चहा न घेता गेले याचा मलाच राग आला. आता फोन करून सांगतील तेव्हाच पाट देईन, असं मी मनाशी धरून बसलो. कामावर जाता-येता कारखाना रस्त्यातच लागायचा. फोन आला नाही. दरवर्षीचं काम, सांगायचं काय, असं त्यांनी धरलं असणार.

चतुर्थीच्या तोंडावर ते मूर्ती न्यायला येतो म्हणाले, तेव्हा मी घाबरून त्याच कारखान्यातून एक तयार मूर्ती घरी आणून ठेवली. म्हटलं, "कारखान्यात पाट हरवला हो. गर्दीत त्यांचं लक्ष राहिलं नाही." खरा पाट माझ्या कपाटामागे होता. दाजींनी मूर्तीकडे पाहिलं, "असंल," म्हणाले आणि ती टेम्पोत ठेवली.

पुढच्या आषाढात कारखान्याचे मालक मला रस्त्यात भेटले. "रोह्याचं घर यंदा दुसरीकडे गेलं. वडिलांपासून आमच्याकडे होतं. आमचं काही चुकलं का?"

मी तिथेच त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला सांगून काय, रोह्याला सांगा."

त्याच रविवारी पाट घेऊन रोह्याला गेलो. बहीण ऐकून भडकली. "वर्षभर आम्ही त्या बिचाऱ्या कारखानेवाल्याला नावं ठेवतोय, आणि तू गप्प?"

दाजी म्हणाले, "पाटाचं असू दे गो. चार माणसांत बोलला, ते लागलं मला." मग माझ्याकडे वळले. "मला काय आवडलं होतं ते झेंडे लावणं? त्या पक्षाच्या पोरांबरोबर एका जीपमध्ये बसताना मान वर होत नव्हती. गावात कुणाला सांगता येत नव्हतं. म्हटलं, तुझ्याकडे जाऊन बोलावं, पाटाचं निमित्त हाय."

तिथल्या तिथे माफी मागितली असती तरी ती चार भिंतींत राहिली असती. "पुढच्या रविवारी घरी या," एवढंच म्हणालो.

ते आले. मी त्याच शेजाऱ्यांना बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर म्हणालो, "त्या संध्याकाळी मी दाजींची टिंगल केली. ते मन मोकळं करायला आले होते आणि मी त्यांना हसण्यावारी नेलं. वर पाट दाबून ठेवला आणि आळ कारखान्यावर घेतला. दाजी, माझं चुकलं. मला माफ करा."