उलटा हात

१९५३ साल. मी चोवीस वर्षांचा होतो आणि भूतबित काही मानत नव्हतो. आजही मानत नाही. तुमच्या या सदरात लोक पिंपळ, पांढरी साडी असलं काय काय लिहितात, मी वाचतो आणि हसतो. मी शिकलेलो चौथीपर्यंत, पण विजेचं काम केलेल्या माणसाला असल्या गोष्टी पटत नाहीत. तारेत करंट असतो नाहीतर नसतो... तिसरं काही नसतं. तरीपण एक गोष्ट झाली ती लिहितो. पटली तर घ्या.

ठाण्याला कोलशेतच्या बाजूला, खाडीजवळ, एक रंगाचा कारखाना होता. नाव सांगत नाही. तिथे माल चढवायची लिफ्ट होती. मुंबईच्या कुठल्यातरी जुन्या इमारतीतून काढून आणलेली, सेकंडहँड. तिचं पॅनल तळमजल्यावर एका अंधाऱ्या खोलीत. उघडी तांब्याची पट्टी, उघडे स्क्रू, आणि जो येईल त्याने जोडलेल्या वायरी. नकाशा कोणाकडेच नव्हता.

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, तिथे वायरमन. मला त्यांनीच कामाला लावलं, त्यांनीच शिकवलं. त्यांचे नियम दोन. एक – मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढायचे आणि आपल्याच खिशात ठेवायचे. दुसरा – तपासणीच्या दिव्याने, म्हणजे तारेला टेकवला की करंट असेल तरच पेटतो त्या दिव्याने, तपासलं तरी तारेला पहिला हात उलटा लावायचा, बोटांच्या मागची बाजू. सरळ हात लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा लावला तर हात बाहेर फेकला जातो.

मी तो दुसरा नियम पाळत नसे. दिव्याने तपासल्यावर परत कशाला घाबरायचं? मुद्दाम सरळ हात घालायचो. मग दाजी माझं मनगट पकडायचे, अंगठा हाडावर दाबून, आणि हात उलटा करायचे. दुखायचं. "शहाण्या, तुझ्या बहिणीला काय सांगू मी?" हे वर.

तेच दाजी त्या पॅनलला चिकटून गेले. मी तेव्हा गावी गेलेलो. परत आलो तर सगळं ठरून गेलं होतं – फ्यूज जागेवरच होते, काढलेच नव्हते, माणूस पिऊन आला असणार. कारखान्याच्या साहेबाने चार जणांना पॅनल दाखवलेलं. दाजी कधीमधी ताडी घ्यायचे, ते सगळ्यांना माहीत. मग काय, पटलं लोकांना. कारखान्याने लिफ्टला नारळ फोडला, दाराला लिंबू-मिरची बांधली. वायर एकानेही तपासली नाही.

कल्याणला बहिणीच्या घरी त्याहून वाईट. तिची सासू उठता-बसता म्हणायची की ही सकाळी भांडली असेल, म्हणून पोरगा पिऊन गेला. बहिणीने मला एकदाच विचारलं, "खरंच प्यायले होते का रे?" मी नाही म्हटलं. पण माझ्या म्हणण्याला काय आधार?

सहा महिन्यांनी लिफ्ट परत बंद पडली. लिंबाचा उपयोग झाला नाही. पॅनलला हात लावायला कोणी तयार होईना. मी म्हटलं, मी करतो.

भर दुपार. मेन पाडला, फ्यूज काढले, खिशात टाकले. दिवा लावून बघितला – पेटला नाही. पट्टीचा एक स्क्रू ढिला होता. मी सवयीप्रमाणे सरळ हात घातला...

आणि माझं मनगट पकडलं गेलं. अंगठा हाडावर. हात उलटा झाला – मी केला नाही, झाला. बोटांची मागची बाजू पट्टीला लागली आणि मी मागे भिंतीवर आपटलो.

खोलीत कोणी नव्हतं. दार मीच आतून लावलेलं.

खाली बसल्या बसल्या आठवलं, हात आत जात असताना वर खडाक असा आवाज झालेला. वरच्या मजल्यावर हमालाने लिफ्टचं जाळीचं दार लावलं होतं. दिवा परत पट्टीला लावला, पेटला. वर ओरडून दार उघडायला लावलं, विझला. लावायला सांगितलं, पेटला. फ्यूज माझ्या खिशात!

दार लागलं की पेटणारा एक छोटा दिवा वर होता. त्याची वायर कोणीतरी ऑफिसच्या लायनीवरून घेऊन पॅनलमधून फिरवलेली. दाजींनी तपासलं तेव्हा वरचं दार उघडं असणार, उलटा हात लावून झाल्यावर सरळ हाताने काम करताना ते लागलं असणार. मग त्यांचे फ्यूज खिशातून परत जागेवर कोणी बसवले, ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

साहेबाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "आजच्या आज ती वायर तोडून टाक."

मी म्हटलं, "आधी लिहून द्या, दाजींची चूक नव्हती म्हणून."

"मेलेल्या माणसाला सर्टिफिकेट कशाला पाहिजे?"

मी तोडली नाही. साहेबाने दुसऱ्याकडून तोडून घेतली, संध्याकाळपर्यंत वायरीच्या जागी भिंतीला नवा गिलावाही झाला. मी फ्यूज खिशात घेऊनच बाहेर पडलो. परत त्या गेटातून आत गेलो नाही.

मनगटाचं म्हणाल तर नंतर एक डॉक्टर म्हणाला, जुनी सवय, हात आपोआप वळतो. सवय? मी आयुष्यात एकदाही आपण होऊन उलटा हात लावला नव्हता. वळेल कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला गेलो. बहिणीच्या सासूसमोर फ्यूज ठेवले आणि सगळं सांगितलं – वायर, दार, दिवा. म्हटलं, तुमचा मुलगा प्यायलेला नव्हता, आणि माझी बहीण भांडलेली नव्हती. मनगटाचं सांगणार नव्हतो, पण तोंडून गेलं.

म्हातारीने फ्यूज बाजूला सारले. साहेबाचं, वायरीचं काही विचारलं नाही. माझा हात ओढून घेतला आणि मनगटावरून बोट फिरवलं.

"दुखलं का रे?"

"दुखलं."

"जोरात धरायचा तो. लहानपणापासून." मग आत बघून बहिणीला म्हणाली, "सूनबाई, इकडे येऊन बस."

मी असलं काही मानत नाही. पण तेव्हा तिच्यासमोर तसं म्हणालो नाही. ती सोडेपर्यंत हात तिच्या हातात तसाच ठेवला.