अकरावा ठिपका

आमच्या गावात माझ्याविषयी जे काही पसरलं आहे, ते बहुतेक मीच पसरवलेलं आहे. कतारमधली खजुरीची झाडं मला विचारल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नाहीत, माझ्या प्रयोगशाळेच्या दारात दोन बंदूकवाले उभे असतात, आणि मी रोज सकाळी काही अब्ज विषाणूंना नाश्ता घालतो. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे, म्हणून त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

घरी माझ्या बोलण्यावर एक नियम लावलेला आहे: बाबांनी आकडा सांगितला की दहाने भागायचं. मुलगी भागाकार शिकली तो अशीच, फोनवर.

"बाबा, पन्नास उंट म्हणजे पाच ना?"

"पाच."

एकच होता. तोही दुकानाच्या पाटीवरचा.

माझं काम सांगतो. इथे सांडपाणी शुद्ध करून बागांना देतात. सोडण्याआधी ते अतिनील दिव्यांसमोरून नेतात, जंतू मरावेत म्हणून. पण दिवे खरंच मारतात की नुसतेच उजेड पाडतात, हे कसं कळणार? रोगाचे विषाणू मुद्दाम पाण्यात टाकून तर बघता येत नाही. मग आम्ही जिवाणूंवर जगणारे विषाणू वापरतो. माणसाला ते काही करत नाहीत, पण जात भारी चिवट. साधे जिवाणू केव्हाच आडवे होतात, हे तग धरतात. हे मेले, तर रोगाचे बहुतेक विषाणूही मेले असं धरता येतं. मी त्यांना वाढवतो, दिव्यांच्या अलीकडे पाण्यात सोडतो आणि पलीकडून पाणी घेऊन किती वाचले ते मोजतो. बशीत जिवाणूंचा थर दुधावरच्या सायीसारखा धरतो. वाचलेला एकेक विषाणू त्या सायीत एकेक ठिपक्याएवढं भोक पाडतो. जन्मभर थापा मारणाऱ्या माणसाच्या वाट्याला मोजायचं काम यावं, यात कुणाचा तरी खट्याळपणा आहे.

त्या वर्षी मुलगी नर्सिंगला कोल्हापूरच्या होस्टेलमध्ये जाणार होती. ती घरात असण्याचे शेवटचे पंधरा दिवस मी रजा घेऊन मागून घेतले होते. मागच्या सुट्टीनंतरच्या तीन वर्षांत मी तिला फोनच्या काचेतच पाहिलं होतं. तिची उंची किती झाली, हेही मला धड माहीत नव्हतं. बिन महमूद वस्तीतल्या माझ्या खोलीतल्या मित्रांना मी सांगून ठेवलं होतं की पोरगी दार वाकून ओलांडते. एका केंद्रातल्या दिव्यांची चाचणी तेवढी राहिली होती. ती पास झाली की मी मोकळा. बशीवर दहापर्यंत ठिपके चालत होते.

सकाळी बशी उजेडात धरली. नऊ ठिपके सुटे, स्वच्छ. आणि कडेला दोन, एकमेकांना चिकटलेले. एक धरला तर दहा, दोन धरले तर अकरा.

आमचे मल्याळी साहेब खांद्यावरून डोकावले. "एक ही है ना ये? तेरी छुट्टी भी तो है."

साहेब वाईट माणूस नाही. माझी बॅग भरलेली त्यांनाही ठाऊक होती. मी बशी फिरवली, भिंग लावलं, डोळा बारीक केला, मोठा केला. मधे कंबर होती. कुठूनही बघा, दोन गोल. आदल्या शुक्रवारी बागेत पाण्याचे फवारे सुरू होते. एक आई मराठीत ओरडत होती, "अगं, तोंडात जाईल ते." पोरगी भिजत म्हणाली, "It's just water, Mumma." ते पाणी या केंद्राचं नव्हतं. पण ते बोलणं त्या दोन गोलांच्या मधोमध येऊन बसलं.

"दो है, सर," मी म्हणालो आणि अकरा लिहिले.

दिव्यांच्या काचांवर क्षार साचला होता. पुसून काढल्यावर फेरचाचणीत चारच ठिपके आले, खलास, मी घरी गेलोही. पण तोवर तिची खाट रिकामी झाली होती. ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी फोन केला, तेव्हा तिनेच उचलला.

"येणं तीन आठवडे पुढे गेलं गं."

"भागून?"

"नाही. खरे तीन."

ती हिशोब करत असावी. "म्हणजे मी गेलेली असेन."

"हं."

"किती वाचले बशीत?"

"अकरा. दहा चालले असते."

"एकासाठी?"

"एकासाठी."

तिने हा एक भागला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "आठवण येते का माझी?"

कितीतरी थापा जिभेवर तयार होत्या. एकही पुरेशी मोठी वाटली नाही.

"थोडी येते," मी म्हणालो.

तिने फोनवर हात न ठेवताच आत हाक मारली. "आई, बाबा थोडी म्हणतायत. थोडीला काय करायचं?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "गुणायचं."

कितीने, ते तिने सांगितलं नाही.