‘आढळला नाही’चा अर्थ

“सर, रिकरन्स आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

तेहतीस वर्षं मी वैजापूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. रिकरन्स म्हणजे पुनरावृत्ती. वर्गात हा माझा लाडका शब्द. परीक्षेआधी धड्याची पुनरावृत्ती करा, मार्क वाढतील, असं मी पोरांना सांगायचो. इथं माझ्या लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात, कॅन्सरची पुनरावृत्ती झाली होती. पहिली गाठ ऑपरेशन करून काढली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. आता त्याच लिव्हरमध्ये नवा ठिपका दिसत होता, दीड सेंटिमीटरचा.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न साधा होता. “कावीळ बीची गोळी रोज चालू आहे ना?”

शेजारी माझी बायको मंगल बसली होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “व्हय मॅडम. एक दिवस चुकला नाय. पाणी मीच देते ना हातात.”

मी मान खाली घातली. गोळी पाच महिन्यांपासून बंद होती, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजार मला कसा झाला हे माझ्या हातात नव्हतं, पण त्यानंतर जो शहाणपणा केला तो सगळा माझाच.

सुरुवात शाळेतल्या रक्तदान शिबिरापासून झाली. त्याला आता बरीच वर्षं झाली. रक्त दिल्यावर काही दिवसांनी रक्तपेढीनं बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुमची एचबीएसएजी तपासणी पॉझिटिव्ह आहे. म्हणजे हिपॅटायटीस बी या विषाणूची खूण रक्तात सापडली आहे, यालाच कावीळ बी म्हणतात, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

गावाकडे आमची शेती धाकटा भाऊ विष्णू बघतो. त्यानं ‘कावीळ’ एवढाच शब्द ऐकला. “दादा, ह्यात काय लई मोठं हाय? रविवारी चल, उतरवून आणू.”

आमच्याकडे कावीळ उतरवणारे असतात. आम्ही गेलो. त्या माणसानं माझ्या हातांना चुना लावला, पाणी सोडलं, काहीतरी पुटपुटत हात चोळले. खालच्या परातीत पिवळं पाणी जमलं. विष्णू खूश झाला. “बघ, कशी उतरली!”

माझे डोळे त्या दिवशीही पांढरे होते आणि आदल्या दिवशीही पांढरेच होते. जी चढलीच नव्हती ती उतरली कशी, हे विचारायचं मला सुचलं नाही. आपल्याकडे पिवळ्या डोळ्यांना कावीळ म्हणतात आणि या विषाणूलाही कावीळच म्हणतात. हा विषाणू डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये बसून राहू शकतो. पोटाच्या डॉक्टरांकडे मी गेलोच नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. ॲसिडिटी समजून मी जिरं चघळत राहिलो. शेवटी मंगलनं हट्ट धरून सोनोग्राफीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मशीन एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं तेव्हाच मला काय ते कळलं. मग ट्रिपल फेज सीटी झाला, म्हणजे शिरेतून औषध सोडून तीन टप्प्यांत लिव्हरचे फोटो काढतात. लिव्हरचा कॅन्सर निघाला. गाठ एकच आहे आणि काढता येईल, असं सांगितलं. रिसेक्शन, म्हणजे लिव्हरचा गाठ असलेला भाग कापून काढणं. ते नीट पार पडलं.

तपासण्यांसाठी सारखं यावं लागणार म्हणून आम्ही संभाजीनगरला छावणी भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. गाठ गेली, पण उरलेलं लिव्हर तेच आहे आणि विषाणू त्यात आहे. तो जागा राहिला तर नवी गाठ होण्याचा धोका वाढतो. रोजच्या गोळीनं तो दबून राहतो, धोका कमी होतो. “शून्य होत नाही, कमी होतो,” त्या म्हणाल्या.

मंगल शेतकऱ्याची लेक. तिनं विचारलं, “मॅडम, बी म्हणता ना तुम्ही त्याला? मग बरोबर हाय की. तण उपटलं, पर बी रानातच राहिलं.”

डॉक्टर हसल्या. “काकू, याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.”

आणि मी काय केलं असेल? मी तिची चूक दुरुस्त केली. “अगं, ते बियाणातलं बी नाही, इंग्रजी अक्षर आहे.” त्या खोलीत ज्याला काहीही कळलं नव्हतं असा एकच माणूस होता, आणि तोच व्याकरण शिकवत होता.

गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे दोन तास काही खायचं नाही. म्हणून मंगल साडेपाचला उठवायची. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. चहा साडेसातला. उठल्याउठल्या चहा न मिळालेला मास्तर काय चीज असते ते शाळेच्या शिपायाला विचारा.

काही महिन्यांनी एचबीव्ही डीएनएचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू किती आहे हे ही तपासणी सांगते. त्यावर लिहिलं होतं, ‘नॉट डिटेक्टेड’. मी मंगलला मोठ्यानं भाषांतर करून सांगितलं, “विषाणू नाहीसा झाला!” तिनं देवापुढे साखर ठेवली.

“तरी गोळी चालू ठेवा,” असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मला वाटलं, डॉक्टर लोक असं म्हणतातच. जो नाहीच त्याच्यासाठी रोज पहाटे उपास कशाला? खरं सांगायचं तर मला पेशंट असण्याचाच कंटाळा आला होता. मंगलला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. म्हणून मी गोळी मुठीत ठेवायचो, नुसतं पाणी प्यायचो आणि ती आत गेली की गोळी कपाटातल्या खडूच्या डब्यात टाकायचो. वर्गात चिंचा लपवणारी पोरं मी जन्मभर पकडत आलो होतो.

तर त्या दिवशी, रिकरन्सच्या खोलीत, मी शेवटी म्हणालो, “मॅडम, मी गोळी बंद केली होती. रिपोर्टमध्ये विषाणू नाही असं आलं होतं म्हणून.”

मंगलनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फाइलमधून तो रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. “सर, तुम्ही मराठीचे. या दोन शब्दांचं मराठी करा.”

मी वाचलं. “आढळला नाही.”

“आढळला नाही. ‘नाही’ असं लिहिलेलं नाही. पोलिसांना चोर आढळला नाही, तर तुम्ही रात्री दाराची कडी काढून झोपता का?”

नव्या तपासणीत विषाणू पुन्हा भरपूर वाढलेला निघाला. मी विचारलं, गोळी चालू असती तर ही दुसरी गाठ आलीच नसती का? त्या म्हणाल्या, “तसं मी सांगू शकत नाही. गोळी घेऊनही काहींना परत येते. पण दार तुम्ही उघडं ठेवलंत, एवढं खरं.” त्यांनी मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं. आता हे कधीच कळणार नाही, आणि ते मला अजून छळतं.

घरी आल्यावर मी स्वतःच खडूचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो ताटात पालथा केला. पांढऱ्या गोळ्या ताटभर पसरल्या.

“मला वाटायचं, मी तुम्हाला औषध देते,” ती म्हणाली. “मी नुसतं पाणीच देत व्हते.”

पोटावरचा टाका मी सहन केला होता. हे वाक्य मात्र सहन होईना. मी तिच्यापुढे लहान पोरासारखा रडलो.

गाठ लहान होती म्हणून पुन्हा पोट उघडावं लागलं नाही. आरएफए केलं, म्हणजे कातडीतून सुई घालून उष्णतेनं गाठ जाळतात. मंगल आणि विष्णू बाहेर बाकावर बसून होते. काम नीट झालं असं कळल्यावर मंगलनं दिराला धरलं. हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाकडे येऊ शकतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

विष्णू म्हणाला, “वहिनी, माझे डोळे बघा की, पांढरेफेक हायेत.”

“तुमच्या दादाचेबी पांढरेच व्हते!” ती अशी ओरडली की अख्खी वेटिंग रूम वळून बघायला लागली.

त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लिव्हरमध्ये गाठ नाही, पण आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. आम्हा दोघा भावांना हे बहुधा आईकडूनच आलं; ती पोट फुगून गेली. सगळे जलोदर म्हणाले, कुणी तिचं रक्त तपासलं नाही. तिला दोष कसा द्यायचा? तिलाही ते कुणाकडून तरी आलेलं. मंगलचा आणि आमच्या पोरांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, सगळ्यांना लस दिली. ताट-पेला वेगळा ठेवायची गरज नाही हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. लस घ्यायची, भावंडांचं रक्त तपासायचं, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर गोळी सोडायची नाही. माझ्या आजारातून एवढं घेतलंत तरी पुरे. विष्णू वेळेत सापडला, हे या सगळ्यातलं माझं सुख.

गेल्या महिन्यात नवे रिपोर्ट आले. सीटीमध्ये नवी गाठ दिसली नाही. डीएनएच्या कागदावर तेच जुने दोन शब्द होते.

“काय लिव्हलंय?” मंगलनं विचारलं.

“आढळला नाही.”

“मंजी?”

“म्हणजे आहे,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तेहतीस वर्षांत माझं उत्तर पहिल्यांदाच कुणीतरी तपासून बरोबर ठरवलं होतं. आता रोज साडेपाचला ती गोळी माझ्या हातात देत नाही, जिभेवर ठेवते. मग म्हणते, “आ करा.” मी आ करतो. ती नीट बघते, आणि मगच पाणी देते.