अमेरिकेच्या जागेवरचे दाणे

अमेरिकेतल्या एका रिकाम्या पार्किंगसाठी माझ्या बापाने बोकड कापला. मी तो खाल्ला. वर आत्याने विचारलं तेव्हा, मटण छान झालंय, असंही म्हणाले. आता हे सांगायचं तर तोंड लपवून सांगता येत नाही, म्हणून सरळच सांगते.

मी डहाणू रोडला एका ऑफिसात काम करते. स्टेशनजवळच्या गल्लीत, मोबाईलच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या. खाली सिमकार्ड विकतात आणि वर आम्ही अमेरिका बांधतो. म्हणजे तिकडचे आर्किटेक्ट ठरवतात आणि आम्ही त्यांची ड्रॉइंगं काढून देतो. दुकानांच्या रांगा, दवाखाने, नुसत्या मोटारी ठेवायला चार-चार मजल्यांच्या इमारती. न्यूयॉर्कबिऊयॉर्क काही नाही हं. आमची गिऱ्हाइकं मधल्या शहरांतली. "नाशिक समज," असं आमचे सर नव्या मुलांना सांगतात. अशा शहरांचा मधला बाजार ओस पडलेला असतो, दुकानं कधीच हायवेला पळालेली असतात, आणि मग कुणाला तरी वाटतं की मधल्या बाजारात परत जीव आणू या. तो जीव कुठे, किती फुटांवर आणायचा, ते आम्ही काढतो.

घर माझं कैनाडला. आई, बा आणि मी. बाची थोडी भातशेती आहे, आणि बाकीचे दिवस तो चिकूच्या वाडीत जातो. पण आमच्या पाड्यात त्याला मान आहे तो दाण्यांमुळे. नवं घर बांधायचं तर आमच्याकडे आधी जमिनीला विचारतात. संध्याकाळी जागा सारवायची, मधोमध तांदळाचे पाच दाणे मांडायचे, त्यावर सागाचं पान, पानाच्या कडेवर दगड. सकाळी पान उचलायचं. दाणे जिथल्या तिथे असले तर जागा घर देते. सरकले असले तर गपगुमान दुसरी जागा बघायची. हे दाणे मांडायला बाला बोलावतात. तो 'नाही' म्हणाला की माणसं खणलेला खड्डासुद्धा बुजवतात. ताडीच्या एका गडव्यापलीकडे त्याने कधी कुणाकडून काही घेतलं नाही.

गेल्या थंडीत आमच्या ऑफिसला सगळ्यात मोठं काम आलं. अमेरिकेतल्या त्या मधल्या शहरात, भर बाजारात, एक अख्खा चौकोन नव्याने बांधायचा. खाली दुकानं, वर ऑफिसं, मागे मोटारी. सरांनी ते माझ्या हातात दिलं. माझ्या हाताखाली पाच जण! मी हवेतच होते. घरी येऊन मोठा प्लॅन अंगणात पसरला आणि बाला सांगितलं, हे सगळं मी काढणार.

बा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दाणे कुणी ठेवले?"

"बा, ती अमेरिका आहे."

"मग? तिथे जमीन नाही?"

मी हसले. तो हसला नाही. त्याने तोच कागद संध्याकाळी अंगणात सारवलेल्या जागी अंथरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, मी जिथे इमारत काढली होती तिथे बरोबर मधोमध पाच दाणे मांडले आणि वर पान झाकलं. सकाळी मी केस विंचरत बाहेर आले तेव्हा तो पान उचलून बसलाच होता. "काय म्हणते तुझी अमेरिका?" म्हणून मी चिडवलं. तो म्हणाला, "देते. जागा देते. जा तू, रिक्षा चुकेल."

मी नाचतच गेले. संध्याकाळी कळलं की बाने गावदेवाला नवस बोललाय, इमारत उभी राहिली की बोकड देईन. आई वैतागली होती. "कशात काय नि फाटक्यात पाय," म्हणाली, "ना आपलं गाव, ना आपलं घर, आणि बोकड आपला!"

त्यानंतर एक झालं. बाने दाणे मांडायला जाणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की गुडघे दुखतात म्हणायचा. वाडीत जाताना, झाडावर चढताना गुडघे ठीक, दाण्यांचं नाव काढलं की दुखणार. मला वाटलं, वय झालं.

मी मात्र ड्रॉइंगं काढत होते. आमच्या कामात एक रीत आहे, जे आज उभं आहे आणि पाडायचंय ते तुटक रेषेने काढायचं. त्या चौकोनाच्या कोपऱ्यावर विटांचं एक दुकान होतं. तिकडच्या रस्त्याचे फोटो कॉम्प्युटरवर दिसतात, त्यात मी ते पाहिलं होतं. न्हाव्याचं दुकान. वर हिरवं कापडी छत, दाराशी एक बाकडं, काचेच्या आत खुर्ची. त्यावर मी तुटक रेष ओढली. त्यात काय एवढं, रोजचंच काम.

बा रोज विचारायचा, "कुठवर आली?" त्याला वाटायचं, मी काढेन तशी तिकडे भिंत चढते. मीही सांगायचे, पहिला मजला झाला, दुसरा झाला. ड्रॉइंगातला, हे सांगायचं राहून जायचं. तो बाजारात सगळ्यांना सांगत सुटला. भाजीवाली मला 'अमेरिकावाली' म्हणायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पावसाळ्याआधी एक मेल आला. काम थांबवलंय. खालचा मजला घेणार होता त्या मोठ्या दुकानवाल्याने अंग काढून घेतलं, बँकेने हात आखडला, आभारी आहोत. सर म्हणाले, आपलं काम पुरं झालं ना, मग पुढचं उघडा. मी जेवणाच्या सुट्टीत तिकडचा रस्ता उघडून पाहिला. फोटो नवा आला होता, त्यात न्हाव्याचं दुकान नव्हतं. पाडायचं तेवढं मात्र त्यांनी वेळेवर पाडलं होतं. सपाट डांबर, पांढरे पट्टे, कडेला गवत, चार मोटारी. माझा डबा तसाच राहिला.

घरी सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, करत लावणी आली, मग कापणी आली. बासुद्धा विचारायचा थांबला होता, म्हणून मीही विषय काढला नाही. दिवाळीत आत्या आणि तिचा मुलगा तलासरीहून आले. माझ्या आतेभावाने माझा मोबाईल घेतला आणि चाळता चाळता ओरडला, "मामा, ही बघ हिची अमेरिका!"

ते आम्हीच बनवलेलं चित्र होतं. इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, ते आम्ही आधीच काढून देतो. काचेत आभाळ, फुटपाथवर माणसं, हातात कॉफी, एक बाई कुत्रा फिरवतेय. फोटोच वाटतो, वाटायलाच हवा, त्याचेच पैसे देतात. बाने मोबाईल दोन्ही हातांत धरला. "उभी राहिली?" त्याने मला विचारलं. आणि माझा बाप रडायला लागला. आईशपथ सांगते, आजी गेली तेव्हासुद्धा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला बोलायचं होतं. मी नुसती मान हलवली, ना धड हो, ना धड नाही, अशी कशीतरी. त्याने ती 'हो' धरली.

चार दिवसांनी बोकड. सगळा पाडा जेवला. म्हाताऱ्या बाया माझ्या गालावरून हात फिरवत होत्या, आत्याने ते चित्र स्टेटसला लावलं. ताटात टाकायची सोय नाही, देवाचं, म्हणून मीही खाल्लं. बा वाढत फिरत होता. गुडघे अगदी ठणठणीत.

त्याच पंगतीत आतेभाऊ म्हणाला, "मामा, तुझा हात आता अमेरिकेत चालला, मग माझ्याकडे नाही का चालणार?" त्याला तलासरीला हायवेच्या कडेला तीन गाळे काढायचे होते. एकात त्याचं पंक्चरचं दुकान, दोन भाड्याने. आत्तापर्यंत गुडघ्यांचं कारण सांगणारा बा लगेच म्हणाला, "येतो."

माझ्या नव्या स्कूटरवरूनच गेलो आम्ही. संध्याकाळी त्याने दाणे मांडले, आत्याकडे मुक्काम केला. सकाळी बाजूने ट्रक धडधडत होते, आतेभाऊ आणि आत्या हात जोडून उभे, आणि बाने पान उचललं. तीन दाणे जागेवर. दोन पार कडेला.

आतेभावाचा चेहरा पडला. मला वाटलं, बा आता उठणार, माती झटकणार आणि 'दुसरी जागा बघ' म्हणणार. जन्मभर तेच ऐकलंय. पण बा हसला. म्हणाला, "घाबरू नको रे. बांध तू."

"मामा, दाणे सरकलेत."

"अमेरिकेतही असेच दोन सरकले होते," बा म्हणाला. "एक तर मुंगीच घेऊन चालली होती, तिच्या तोंडातून काढला मी. ही पोर बाहेर आली हसत, जिवावर आलं सांगायला. परत मांडले आणि म्हटलं, देते. तेव्हापासून माझा हात खोटा झाला म्हणून कुणाच्या दारी गेलो नाही. पण झालं काय? उभी राहिली ना? तू फोटो पाहिलास. इतकी वर्षं मी उगाच लोकांना खड्डे बुजवायला लावले."

तो हे सगळं हसत बोलत होता आणि मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. त्याने आयुष्यभर जे पाळलं, ते माझ्या एका चित्राने खोटं पडत होतं. आणि आतेभाऊ त्याच चित्राच्या भरवशावर उद्या पाया खणणार होता.

"बा," मी म्हटलं, "ती इमारत नाहीये."

कुणाला काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. तो फोटो नाही, चित्र आहे. काम कधीच बंद पडलंय. तिथे मोटारी उभ्या राहतात. आत्या म्हणाली, "म्हणजे बोकड?" मी म्हटलं, "हो." आतेभाऊ पाय आपटत रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. "बाई, तू जेवायला बसली होतीस की आमच्यासोबत!" एवढंच म्हणाला. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं, बा माझ्यावर ओरडेल. त्याने दाणे एकेक करून उचलले, खिशात टाकले, आणि आतेभावाला म्हणाला, "ही जागा सोड. पलीकडे चिंचेच्या बाजूला बघू. पण दाणे तूच मांड. मी सांगतो कसे ते."

घरी आल्यावर बाने हातपाय धुतले, पाणी प्याला आणि विचारलं, "तिथे आधी काय होतं?"

"न्हाव्याचं दुकान."

"पाडलं?"

"पाडलं."

"मग तो न्हावी आता कुठे बसतो?"

मला ठाऊक नव्हतं. इतके महिने मी त्या जागेचा इंच न् इंच पाहिला आणि हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. खाली मान घालून तसं सांगितलं.

बाने खिशातले दाणे काढून तळहातावर घेतले. मग म्हणाला, "जागा नाही म्हणत होती. मी तिच्या तोंडून हो वदवून घेतलं. त्या माणसाचं दुकान माझ्यामुळे गेलं."

मी त्याला बँक समजावली, मोठा दुकानवाला समजावला. तुझे दाणे कुणी तिकडे नेले नव्हते रे बा, म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. नव्या मुलांचं आमचे सर ऐकून घेतात तसं. आणि म्हणाला, "कॉम्प्युटर काढ. तुझ्या साहेबाला लिही."

माझी तिकडची साहेब म्हणजे एक बाई. मीटिंगमध्ये मला हसून 'ग्रेट जॉब' म्हणणारी. तिला मी काय लिहिणार? पण बा समोर बसला होता, मांडी घालून, पडद्याकडे बघत. त्याच्यापुढे आणखी एक नाटक करायची माझ्यात ताकद नव्हती. नोकरी गेली तर गेली.

तो सांगत गेला, मी इंग्रजीत लिहीत गेले. की या गावी जमिनीला विचारायची रीत आहे. की विचारलं तेव्हा दोन दाणे सरकले होते. की ते माझ्या बापाने परत जागेवर ठेवले, याची त्याला लाज वाटते. की कोपऱ्यावरचा न्हावी आता कुठे बसतो ते कळवावं. वाचून दाखव म्हणाला, तसं न्हाव्यापर्यंतचं मराठीत वाचून दाखवलं. पाठव म्हणाला, तसं त्याच्या देखत पाठवलं.

"आणि शेवटचं लिहिलंस ना?" त्याने विचारलं. "मी सांगितलं ते? पोरीचा यात काही दोष नाही म्हणून?"

"लिहिलं," मी म्हटलं.

त्याने समाधानाने मान हलवली आणि उठून गोठ्याकडे गेला. ते एक वाक्य मी लिहिलं नव्हतं.