लंडन एका धारेवर

मुरबाडजवळच्या आमच्या गावात काका म्हशी पाळतात आणि सगळी अंतरं दोन धारांमधल्या वेळाने मोजतात. सकाळची धार काढून शहापूरला गेलेला माणूस संध्याकाळच्या धारेला परत येतो, म्हणून शहापूर जवळ.

मला लंडनला नोकरी लागली तेव्हा मी त्यांना सात हजार किलोमीटर सांगितलं. ते वैतागले.

“आकडा नको गो, टाइम सांग.”

“विमानाने नऊ-दहा तास.”

“म्हंजे सकाळची धार काढून निघालीस, तर संध्याकाळच्या धारेला तिथं. मग तुझी आई रडते कशाला?”

लंडनला उतरून काकांना फोन केला, तेव्हा मागे संध्याकाळच्या धारेचं दूध चरवीत पडल्याचा आवाज येत होता.

“पोचलीस ना टायमात?” काका म्हणाले. “आता सकाळच्या धारेला घरी ये.”